लहान मुलं आणि घोडे असलेल्या घरात कोणता कुत्रा ठेवावा?

प्रश्न असा आहे: इंदूरहून राऊच्या पुढे शेतघर, तबेल्यात एक मारवाडी घोडी आणि एक काठियावाडी घोडा, घरात चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं. मुलांना कुत्रा हवा आहे. घरात चार नावांवर चर्चा चालू आहे: लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डाल्मेशियन आणि हस्की. यांतला कोणता घ्यावा?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. या चौघांत लॅब्राडोर घ्या, पण पिल्लू घेऊ नका. दीड-दोन वर्षांची, शांत स्वभावाची मादी घ्या. तशी मिळाली नाही तर चांगली देशी कुत्री घ्या, ती मी लॅब्राडोरच्या खालोखाल नाही, बरोबरीनं धरतो. डाल्मेशियन एका अटीवर चालेल. जर्मन शेफर्ड तुमच्या घराला योग्य नाही आणि हस्की तर इंदूरमध्ये कोणीच पाळू नये.

कुत्रा विकणारा प्रत्येक जण "मुलांशी एकदम चांगला आहे" असं सांगतोच. त्या वाक्यावर निवड करू नका. घोडे असलेल्या घरात कुत्र्याची खरी परीक्षा एकच: पळणारे पाय दिसले की तो काय करतो? दुडक्या चालीनं जाणाऱ्या घोड्याच्या घोट्यांमागे जो कुत्रा धावतो, तोच अंगणात पकडापकडी खेळणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्याही पोटऱ्यांना तोंड लावतो. दोन्ही ठिकाणी तीच ऊर्मी जागी होते. म्हणून घोड्यांच्या बाबतीत जो कुत्रा पास होतो तो मुलांच्या बाबतीतही बहुतेक वेळा पास होतो. उलट मात्र खरं नाही. सोफ्यावर मुलांच्या गळ्यात पडणारा कुत्रा तबेल्यात वेगळाच निघू शकतो.

घोड्याच्या बाजूनंही विचार करायला हवा. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. त्याला दिसत नाही ते अगदी शेपटीच्या मागचं आणि कपाळाच्या नेमकं पुढचं. मागून काही तरी सळसळत आलं की तो आधी लाथ झाडतो, मग वळून बघतो. मागच्या पायाचा टप्पा दोन-सव्वादोन मीटरपर्यंत सहज पोचतो. ती लाथ कुत्र्याला लागली तर जबडा किंवा बरगड्या मोडतात, प्लीहा फुटते आणि बाहेरून जखम न दिसता कुत्रा तासाभरात जातो. त्याहून मोठी भीती वेगळी आहे: मुलगा पाठीवर असताना कुत्रा झुडपातून एकदम बाहेर आला आणि घोडी बुजली, तर पडतो तो मुलगा. तबेल्यातल्या कुत्र्याचे सगळे नियम शेवटी हा एक प्रसंग टाळण्यासाठीच असतात.

आता जातींकडे येऊ. जात म्हणजे पिढ्यानपिढ्या एखाद्या कामासाठी केलेली निवड, आणि ते काम सुटलं तरी ऊर्मी सुटत नाही.

जर्मन शेफर्ड १८९९ मध्ये जर्मनीत प्रमाणित जात म्हणून उभा राहिला तो मेंढ्यांमागचा कुत्रा म्हणून. कळपाच्या कडेनं धावायचं, भरकटलेल्याला दातानं हलकं टोचून आत ढकलायचं, हे त्याच्या रक्तात आहे. बॉर्डर कॉलीमध्ये हेच दहापट असतं. चांगल्या हातात जर्मन शेफर्ड घोड्यांबरोबर उत्तम राहतो, यात शंका नाही. पण त्यासाठी रोज तासभर शिकवणारा एक अनुभवी माणूस लागतो, आणि तुमच्या प्रश्नात तसा माणूस दिसत नाही. शिवाय तो राखणदार आहे. मुलांचे मित्र आरडाओरडा करत फाटकातून आत आले की त्याला ते परकेच वाटतात. तिसरं कारण औषधांचं आहे, ते पुढे येईल.

हस्कीच्या अंगावर सायबेरियाच्या थंडीसाठीचे केसांचे दोन थर असतात. माळव्यात रात्री गार होतात हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ४० च्या वर जातोच. त्याला दिवसभर एसीत कोंडलं तर त्याची धावण्याची भूक भागत नाही. मग तो कुंपणाखालून माती उकरून निघतो आणि कोंबड्या, मांजरं, वासरं, जे पळेल त्याच्या मागे लागतो. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

डाल्मेशियनचा विचार मात्र मन लावून करण्यासारखा आहे. घोडागाडीच्या बरोबरीनं, कधी आसाखालून, कधी घोड्यांच्या बाजूनं मैलोन्मैल धावण्यासाठीच इंग्लंडमध्ये ही जात वाढवली गेली. घोड्याचं वेड त्याच्यात खरोखर आढळतं. अडचणी दोन आहेत. पहिली बहिरेपणाची. पांढऱ्या कातडीशी जोडलेला जन्मजात बहिरेपणा या जातीत बराच आहे. अमेरिकेतल्या तपासण्यांत शंभरातली साधारण आठ पिल्लं दोन्ही कानांनी आणि वीस-बावीस एका कानानं बहिरी निघतात. एका कानानं बहिरं पिल्लू घरात ओळखू येत नाही, कारण टाळी वाजवली की ते वळतं. पण आवाज कुठल्या दिशेनं आला हे त्याला कळत नाही, आणि टापांची दिशा न कळणारा कुत्रा तबेल्यात जगत नाही. म्हणून अट अशी: मोठा झालेलाच डाल्मेशियन घ्या. तो पाठमोरा असताना डावीकडून आणि उजवीकडून, दहा-बारा मीटरवरून, हळू आवाजात नाव घेऊन बघा. दोन्ही वेळा मान बरोबर बाजूला वळली तरच पुढे जा. दुसरी अडचण मूतखड्याची. शुद्ध डाल्मेशियनच्या लघवीतून युरिक आम्ल जास्त पडतं आणि नरांमध्ये खडा मूत्रमार्गात अडकतो. काळीज, गुर्दे बंद, मटण कमी. अंडी, पनीर, भात चालतो. आणि पाणी भरपूर. थेंब थेंब लघवी करत पाय वर धरून उभा असेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठायचा.

बाकीच्या जाती झटपट सांगतो. गोल्डन रिट्रिव्हर स्वभावानं लॅब्राडोरइतकाच गोड, पण पावसाळ्यानंतर शेतातलं कुसळी गवत त्याच्या लांब केसांत गुंततं. कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यांतून थेट मांसात शिरतात. तुम्ही रोज अर्धा तास केस विंचरणार असाल तरच घ्या. बीगल मुलांचा लाडका होतो, पण नाकाच्या मागे गेला की हाक ऐकत नाही, आणि बांधलं की तासन्‌तास हंबरल्यासारखा ओरडतो. मुधोळ ही कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली, उन्हाला काटक आणि मोठी देखणी जात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या श्वान केंद्रात मुधोळ आणि रामपूर या देशी जातीही तयार केल्या जातात. घोड्यांबरोबर पळायला मुधोळसारखा कुत्रा नाही. पण तो नजरेनं शिकार करणारा आहे, पळणारं सगळं त्याला सावज वाटतं, आणि लहान मुलांची ओढाताण त्याला सोसत नाही. मुलं बारा-चौदा वर्षांची झाली की त्याचा विचार करा. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना इंदूरच्या उन्हात नीट श्वासही घेता येत नाही. रॉटवायलर, पिटबुल चार वर्षांच्या मुलाच्या घरात नकोत.

लॅब्राडोर मी पुढे का ठेवतो? कारण तो पडलेली शिकार तोंडात धरून आणून देणारा कुत्रा आहे. पाठलाग करणं, टोचणं, वळवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. चांगला लॅब्राडोर पळणाऱ्या घोड्याकडे बघतो आणि मग तुमच्या हाताकडे बघतो, की त्यात काही खायला आहे का. ही खाण्याची ओढच त्याला शिकवणं सोपं करते. तिची दुसरी बाजूही आहे. साधारण चौथ्या हिश्शाच्या लॅब्राडोरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणारं एक जनुक सदोष असतं, त्यामुळे ते खरोखरच कायम भुकेले असतात. असा कुत्रा तबेल्यात काय काय गिळेल याची यादी मोठी आहे. चण्यांचा आणि चोकराचा डबा झाकण कडीनं बंद होणारा हवा, कारण कोरडं धान्य पोटात फुगतं. २८ किलोच्या मादीला दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास कोरडं खाणं पुरतं, दोन वेळांत, वाटीनं मोजून. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या सहज लागल्या पाहिजेत. मुलांच्या ताटातली शेव, कांदा घातलेले पोहे, मनुका, चॉकलेट, यांपैकी काही तिच्यापर्यंत जाता कामा नये. कांदा, मनुका आणि चॉकलेट तर कुत्र्याला सरळ विषच.

देशी कुत्रीबद्दल गैरसमज फार आहेत. तिला ऊन सोसतं, तिची कातडी आणि पचन चांगलं असतं, नितंबाच्या सांध्याचे आजार जवळजवळ नसतात, आणि ती विचार करून पाऊल टाकते. घोड्याच्या लाथेचा टप्पा ती एकदाच बघते आणि कायमचा लक्षात ठेवते. वरातीचे घोडे बांधतात अशा ठिकाणी जन्मलेलं पिल्लू मिळालं तर फारच चांगलं. टापांचा आवाज त्यानं कान उघडल्यापासून ऐकलेला असतो. सावध राहायचं ते तिच्या हद्दीच्या भावनेबद्दल. साधारण एक ते दीड वर्षाची झाली की ती अनोळखी माणसांवर भुंकू लागते. दूधवाला, नालबंद, शाळेच्या गाडीचा माणूस यांच्याशी तिची ओळख त्याआधीच, त्यांच्या हातून खाऊ देऊन करून ठेवा.

पिल्लू नको, मोठी कुत्री घ्या, असं का म्हणतो तेही सांगायला हवं. आठ आठवड्यांच्या पिल्लाचा स्वभाव कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही; दोन वर्षांच्या कुत्रीचा समोर दिसतो. शिवाय पिल्लू सहा-सात महिने दातांनी जग बघतं, त्याचा त्रास सर्वांत जास्त चार वर्षांच्या मुलाला होतो. तरीही पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार तसं विकताच येत नाही. आईला बघितल्याशिवाय आणि शक्यतो बापालाही बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आई माणसांपासून दबून कोपऱ्यात बसत असेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत फिरा. लॅब्राडोरच्या आईबापांच्या नितंबाच्या सांध्यांचे एक्स-रे मागा.

पिल्लाच्या बाबतीत एक पेच येतो. नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचं त्याचं वय साधारण चौदाव्या आठवड्याला संपतं आणि लसी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. लसी पुऱ्या होईपर्यंत घरात ठेवलं तर घोड्यांशी ओळख करून द्यायची वेळ निघून जाते. यावर उपाय असा की पिल्लाला कडेवर घेऊन रोज दहा मिनिटं तबेल्यात न्या, जिथे बाहेरचे कुत्रे येत नाहीत अशा ओट्यावर चादर टाकून बसवा, आणि घोड्यांना चारा घालताना त्याला दोन-चार खाऊचे तुकडे द्या. जमिनीवर सोडायचं लसी झाल्यावर.

मोठी कुत्री घरी आणण्याआधी तिची परीक्षा अशी घ्या. दोन मीटरचा पट्टा, समोर १५ मीटरवर कोणीतरी घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवतो आहे, आधी चालत, मग दुडक्या चालीनं. कुत्रीनं घोड्याकडे बघणं साहजिक आहे. तिचं नाव घ्या. दोन-तीन सेकंदांत तिनं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं तर ती शिकण्याजोगी आहे. भुंकली, पट्टा ओढला, पण दहा मिनिटांत निवळली, तरी चालेल. नापास करायची ती गप्प राहणारी: डोकं खांद्यांच्या खाली, अंग ताठ, एक पंजा उचललेला, नजर घोड्याच्या पायांवर खिळलेली आणि नाव घेतलं तरी कान हलत नाही. लोक या शांतपणाला समजूतदारपणा समजतात. तो दबा असतो, आणि दबा धरणारी कुत्री पट्टा सुटला की भुंकणारीपेक्षा जास्त नुकसान करते.

मग हीच परीक्षा नऊ वर्षांच्या मुलाला वीस मीटरवरून पळायला लावून घ्या. नंतर तिच्या मागे स्टीलचं ताट जमिनीवर टाका. दचकली आणि थोड्या वेळात येऊन हुंगायला लागली तर उत्तम. पाच मिनिटांनीही शेपूट पोटाखालीच असेल तर तबेल्यातल्या बादल्यांचा, पत्र्याचा आवाज तिला कधी सोसणार नाही. खाताना जवळ कोणी गेलं तर गुरगुरते का, हे आधीच्या मालकाला विचारण्यापेक्षा त्याला तिच्याजवळून चालायला सांगून स्वतः बघा.

घरी आल्यावर घाई नको. पहिले तीन दिवस फक्त वास. घोडीला खरारा करताना निघालेले केस फडक्यात बांधून कुत्रीच्या अंथरुणापाशी ठेवा, आणि तिच्या अंगावर फिरवलेलं फडकं घोड्यांच्या गव्हाणीजवळ. चौथ्या दिवसापासून घोडे आपापल्या खणात, दार बंद, पोटं भरलेली, आणि कुत्री १५ मीटरवर पट्ट्यात. घोड्यावरून नजर काढून तुमच्याकडे बघितलं की खाऊ. दिवसातून दोनदा, दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. ती सैल अंगानं जमिनीवर बसते आणि घोडाही चारा खात राहतो, असं लागोपाठ दोन दिवस झालं की १० मीटर, मग ५, मग ३. दोघांतल्या एकानंही डोकं वर ताणलं, तर एक टप्पा मागे.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घोडा बाहेर, सईसच्या हातात. कुत्रीला घोड्याच्या खांद्याच्या बाजूनं, कमानीसारखं वळण घेत आणा, म्हणजे घोड्याला ती पूर्ण वेळ दिसते. नाकासमोरून नको, मागून तर कधीच नको. घोडा मान खाली घालून हुंगेल. तीन सेकंद हुंगू द्या आणि कुत्रीला हाक मारून परत बोलवा. भेट चांगली चालली असतानाच संपवायची. मारवाडी-काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळलेली असल्यानं नवख्याला त्यांचा राग चटकन कळत नाही; टोकांकडे न बघता कानांच्या मुळाकडे बघा. मूळ मानेवर चिकटलं आणि नाकपुडीजवळ सुरकुती पडली की तिथेच थांबायचं. घोडीजवळ शिंगरू असेल तर शिंगरू मोठं होईपर्यंत कुत्रीला त्या आवारातच नेऊ नका. शिंगरासाठी घोडी पुढच्या पायानंही मारते.

तिसऱ्या आठवड्यापासून कुत्रीला तबेल्याबाहेर एक ठरलेली चटई द्या आणि "जागेवर" हा शब्द पक्का करा. चारा, खरारा, नालबंदाचं काम, सगळं होईस्तोवर तिनं तिथेच पडून राहायचं. चटई मागच्या पायांपासून किमान तीन मीटर लांब आणि घोड्याला दिसेल अशा जागी हवी. त्यानंतर चालता घोडा, मग दुडकी, पुन्हा १५ मीटरपासून. मोकळं सोडायचं ते साधारण तीन महिन्यांनी, आणि तेही दहापैकी दहा हाकांना ती आली तरच.

इथे नेमक्या काही चुका होतात. "सवय होईल" म्हणून कुत्र्याला तबेल्यात साखळीनं बांधून ठेवतात. पळता येत नसलेला कुत्रा घाबरून भुंकत राहतो, चिडतो, आणि साखळी सुटल्या दिवशी थेट घोड्यांवर धावतो. दुसरी चूक, घोड्याकडे बघितलं की रागवायचं. मग कुत्र्याच्या डोक्यात घोडा आणि ओरडा ही जोडी बसते. तिसरी सगळ्यांत धोक्याची: घोड्याजवळ दहा मीटरची लांब दोरी वापरणं. ती घोड्याच्या पायांत गुंडाळली गेली की घोडा, कुत्रा आणि दोरी धरणारा, तिघेही जखमी होतात. घोड्याजवळ फक्त दोन मीटरचा पट्टा, आणि तो मोठ्या माणसाच्या हातात.

तबेल्यातल्या विषांबद्दल पशुवैद्य सांगतात तेवढं लोक मनावर घेत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितो. घोड्याच्या जंताच्या पेस्टच्या मोठ्या नळीत साधारण १२० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असतं, म्हणजे ६०० किलोच्या घोड्याचा डोस. आपला घोडा ४०० किलोचा असेल तर त्याला ८० पुरतं आणि ४० मिलिग्रॅम नळीत उरतं. ती नळी खिडकीत पडून राहते, गोड चवीची असते, कुत्रा चावून खातो. दहा किलोच्या कुत्र्याला तेवढं सरळ विषारी. कॉली जातीच्या बहुतेक कुत्र्यांत आणि साधारण दहा टक्के जर्मन शेफर्डमध्ये एक जनुकदोष असतो, त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं. त्यांना किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेलं तरी झोकांड्या, लाळ, आंधळेपणा, बेशुद्धी येऊ शकते. वर औषधांचं कारण म्हटलं ते हेच. यावर उतारा नाही, दवाखान्यात सलाइन लावून वाट बघावी लागते. घोड्याच्या तोंडातून गळलेली पेस्ट पुसून घ्या, आणि औषध दिल्यावर काही दिवस लीद कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. लॅब्राडोर लीद खातोच.

याच्या उलट दिशेचा धोकाही आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी अमिट्राझचं पाणी सर्रास वापरतात. ते घोड्याला कधीही लावू नका. घोड्याच्या आतड्यांची हालचाल थांबते, लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. कुत्र्याला लावल्यावरही अंग पूर्ण वाळेपर्यंत त्याला घोड्यांपासून लांब ठेवा आणि उरलेलं पाणी गव्हाणीजवळ ओतू नका. मुलं असलेल्या घरात मी गोचिडांसाठी गोळीच सुचवतो: फ्लुरालानर बारा आठवडे टिकते, अफॉक्सोलानर एक महिना, मात्रा वजनानुसार डॉक्टर ठरवतात. पण नुसत्या गोळीनं भागत नाही. तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून पावसाळ्याआधी तबेल्याच्या भेगा सिमेंटनं भरा आणि चुना मारून घ्या. कुत्रा दोन दिवस जेवला नाही, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर गोचीडताप समजून त्याच दिवशी रक्त तपासा. एरलिकिया (गोचीडतापाचा जंतू) निघाला तर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे द्यावं लागतं. पाच दिवसांत कुत्रा उड्या मारू लागतो आणि लोक गोळ्या सोडतात, मग आजार उलटतो. गुंतागुंत वाटली तर महूचं पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथे कुत्रा आणि घोडा दोन्हींचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात.

उंदीर मारायच्या वड्या आणि काळी पूड तबेल्यातून हद्दपार करा. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्ल्यावर तीन-चार दिवस काहीच दिसत नाही, मग आतून रक्तस्राव सुरू होतो. लवकर कळलं तर जीवनसत्त्व के-१ तीन-चार आठवडे देऊन कुत्रा वाचतो. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीवर तर उताराच नाही. पिंजरे लावा. घोड्याच्या दुखण्यावरच्या फेनिलब्युटाझोनच्या पुड्या कुलपात ठेवा. नालबंद खूर तासून गेला की तासलेले तुकडे आणि मोडके खिळे लगेच झाडून घ्या. कुत्रे ते तुकडे चघळतात, मग दात तुटतो किंवा तुकडा आतड्यात अडकतो.

लसींचं सांगायचं तर सात रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत. तीत उंदरांकडून पसरणाऱ्या लेप्टोस्पायराचीही लस असलीच पाहिजे, कारण तबेल्यात उंदीर असतात. रेबीजची बारा आठवड्यांनंतर आणि मग दरवर्षी. घोड्यांनाही रेबीज होतो, त्यांचीही लस वर्षाला द्या. जंताचं औषध मुलांसाठी महत्त्वाचं आहे, कारण पिल्लाच्या पोटातले गोलकृमी मातीतून मुलांच्या पोटात जातात: तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी.

आता मुलं. चार वर्षांच्या मुलाला कुत्र्याजवळ एकटं सोडायचं नाही, कुत्रा कितीही भरवशाचा असो. कुत्रीला ओसरीवर एक जागा द्या, तिथे मुलानं जायचं नाही. ती खाताना, झोपलेली असताना हात लावायचा नाही. मुलाला एक खेळ शिकवा: तीन सेकंद छातीवर किंवा खांद्यावर हात फिरवायचा आणि हात मागे घ्यायचा. ती जवळ सरकली तर पुन्हा. तोंड वळवलं, ओठ चाटले, डोळ्याचा पांढरा भाग दिसला तर पुरे. गुरगुरली म्हणून तिला मारू नका. गुरगुरणं बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. नऊ वर्षांच्या मुलाकडे खाणं मोजून देणं, "जागेवर" शिकवणं, केस विंचरणं ही कामं जरूर द्या, पण कुत्रीला घेऊन एकट्यानं तबेल्यात जायचं काम देऊ नका.

कुत्रा चावलाच, ओरखडा आला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. चुना, हळद, तिखट काही भरायचं नाही. मग लगेच दवाखाना. रेबीजचे डोस पहिल्या दिवसापासून मोजून तिसऱ्या, सातव्या आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी पुरे करायचे, आणि रक्त आलं असेल तर जखमेत देण्याच्या सिरमबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारायचं. घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून हे टाळू नका, निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. घोड्यांच्या आवारात वावरणाऱ्या मुलांच्या धनुर्वाताच्या लसी वेळेवर आहेत ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

ऊन आणि कुत्रा यांचं गणित घोड्याच्या गणिताहून वेगळं आहे. घोड्याला घाम येतो, कुत्रा मुख्यतः धापा टाकून गार होतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सूर्य गेल्यावरच फिरवा. रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही टेकणार नाहीत. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल डगमगती दिसली तर सावलीत नेऊन साध्या पाण्यानं पोट, जांघा, पंजे भिजवत राहा, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. पावसाळ्यात आपली काळी माती बोटांच्या बेचक्यांत वाळून दगड होते आणि कातडी सोलते. रोज संध्याकाळी पंजे धुऊन कोरडे करा.

सगळं नीट जमलं की मुलांचा पुढचा हट्ट ठरलेला असतो: कुत्रीला घोड्याबरोबर रपेटीला न्यायचं. पहिले सहा महिने मूल घोड्यावर असेल तेव्हा कुत्री फाटकाच्या आत, चटईवर. त्यानंतर पहिली रपेट मोठ्या माणसानं करायची, हिवाळ्यातल्या सकाळी, दोन-तीन किलोमीटर, घोडा फक्त चालीत. कुत्रीनं घोड्याच्या डाव्या खांद्याच्या पुढे, स्वाराला दिसेल असं चालायचं. दीड वर्षाखालच्या लॅब्राडोरला घोड्याच्या दुडकीबरोबर पळवू नका, हाडांची टोकं तोवर भरलेली नसतात. परत आल्यावर पाणी थोडं थोडं, आणि खाणं तासाभरानं.